लाल टाक्याचा टॉवेल

सुधा गेल्याचं तिचा मुलगा सांगायला आला, तेव्हा मी तोंड धूत होते. ओल्या चेहऱ्यानेच दारात गेले. तो म्हणाला, "मावशी, आई गेली..." आणि पिशवीतून एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला. "हा तुमचा. तुमच्याकडे पोचवायले सांगितला होता तिनं." मी तोंड पुसलं नाही. 

आम्ही दोघी एकाच कचेरीत टायपिस्ट. शेजारी शेजारी टेबलं, डबा एकत्र. सुधाला कातडीची भारी काळजी. स्नो-पावडरचं वेड नव्हे; अंघोळीनंतर पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, रात्री टाचांना खोबरेल चोळायचं, मे महिन्यात दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. माझ्या मानेवर घामोळं दिसलं की साऱ्या कचेरीसमोर ओरडायची, "नायलॉन काहून घालून आली वं? मलेच खाज सुटून राहिली पाहून!"

अशाच एका मे महिन्यात ती मला धरमपेठेतल्या आपल्या घरी घेऊन गेली. उन्हातून आलेलो. तोंड धुऊन मी खुंटीवरच्या टॉवेलला हात घातला, तर ती आतून धावत आली. "तो नको घेऊ! थांब, तुले वेगळा देते." कपाटातून कोरा टॉवेल निघाला, कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातलेला.

मी छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली. आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी माणसं मी लहानपणी पाहिली होती. 'वेगळा' हा शब्द आम्हाला कुठे जाऊन लागतो, हे सुधाच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी चहा तिच्याच घरच्या कपात मिळाला, एका ताटातला चिवडा दोघींनी खाल्ला, पण माझं लक्ष त्या लाल टाक्यावरून हललं नाही. पुढे तिने घरी बोलावलं की मला नेमकं काहीतरी काम निघायचं. डबाही मी वेगळा खाऊ लागले. मग तिची बदली झाली आणि ती नागपूर सोडून गेली.

निवृत्त होऊन ती नागपूरला परतली ती आजार घेऊनच. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. मागच्या अंगणात दोरीवर टॉवेल वाळत होते. एकाला निळा टाका, एकाला हिरवा, एकाला पिवळा... आणि शेवटी लाल.

"लहानपणी आमचं सारं घर एकाच पंच्यानं अंग पुसायचं," ती म्हणाली. "एकाले गजकर्ण झालं न् मग साऱ्यांले. तेव्हापासून ज्याचा त्याले. तुझा मी आतापर्यंत धुऊन ठेवते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "तू... त्यापायी येणं सोडलं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"विचारलं काहून नाही वं?"

"तू सांगितलं काहून नाही?"

दोघी रडलो. माझा संशय खोटा नव्हता, फक्त घर चुकलं होतं. पण एवढं कळायला केवढा काळ गेला, आणि कळल्यावर हाती उरले मोजके महिने. याची हळहळ जात नाही.

परवा भाची उन्हातून आली, तोंड धुतलं आणि तिने दोरीवरच्या त्याच टॉवेलला हात घातला.

"तो नको घेऊ!" मी ओरडले.

पोरीचा चेहरा पडला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मी तिला जवळ बसवलं, गजकर्णाचं सांगितलं, सुधाचं सांगितलं, तिच्यासाठी कोरा टॉवेल काढला आणि त्याला टाका कुठल्या रंगाचा घालू ते विचारलं. "हिरवा," ती हसून म्हणाली.

सांगायला फारसा वेळ लागला नाही.