काचेचं कापड घेऊन बंगलोरला

शकूताई, गुडघा आता जिना चढू देतो का? बार्शीचे नाना, खोकला गेला की नुसता दबा धरून बसलाय? आणि परदेशातल्या सूनबाई, झोप लागते ना वेळेवर? सगळे ठीक आहात असं धरून सत्तरच्या दशकातली एक सफर सांगतो.

भवानी पेठेतला माझा दोस्त व्यंकय्या चादरी विणायचा. दोन मागांवर त्यानं काचेच्या धाग्याचं कापड काढलं. विमानाच्या भिंतीत थंडी अडवायला गादी भरतात, तिच्यावरचं हे आवरण. त्यासाठी भिवंडीत मजुरी करणाऱ्या धाकट्या भावाला घरी बोलावलं. आग सोसतं का हे बघायला एक तुकडा मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला, एक बंगलोरच्या. मुंबईत पास, बंगलोरात नापास. विमानाचं काम द्यायचं की नाही हे बंगलोरच्या हातात. नाही मिळालं तर भाऊ परत भिवंडीला. म्हणून निघालो.

तेव्हा गुंतकलला उतरून छोट्या लाईनीची गाडी धरावी लागे. आता थेट जाता येतं, तरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घ्याच. वाटेत व्यंकय्याचा बेत ठरला: फक्त मुंबईचा कागद दाखवायचा. म्हटलं, अरे, दुसरा कागद त्यांनीच लिहिलाय, तो कुठं लपवशील?

तिथल्या प्रयोगशाळेत तपासणी करणाऱ्या सुनंदाबाईंचं माहेर अक्कलकोट, आमच्या शेजारचंच. व्यंकय्याला वाटलं, काम झालंच.

"बाई, मुंबईचं धरा की. पास हाय."

"नापासाइतकीच मला पासाची शंका आहे, मामा. विमानात माणसं बसणार."

त्यांनी मुंबईला फोन लावून ज्योत केवढी, पट्टी कशी टांगली, सगळं ताडून पाहिलं. दोन्हीकडं सारखंच. मग विचारलं, मागावरून उतरल्यावर तुकड्यांचं काय केलं? व्यंकय्याची छाती फुगली. मुंबईचा तसाच धाडला. बंगलोरला मोठे साहेब बघणार, म्हणून पिठाची खळ देऊन इस्त्री मारली होती.

"म्हणजे कापड नाही, तुमचं कौतुक जळलं," बाई हसल्या.

तरी त्यांनी लगेच मानलं नाही. खळीची पट्टी आणि आमच्या गाठोड्यातली कोरी पट्टी टांगली, खालून ज्योत लावून काढून घेतली. खळीची सरसर पेटत वर गेली, करपलेल्या भाकरीचा वास सुटला. कोरी नुसती काळवंडली आणि आपोआप विझली. व्यंकय्यानं सहीसाठी कागद पुढं केला. बाई म्हणाल्या, एकाच ताग्यातले कोरे तुकडे दोन्हीकडं पाठवा, मग बघू. दुपारी आम्हाला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं. सही मात्र दिली नाही.

परतीच्या गाडीत व्यंकय्या फुरंगटून बसला, बाई माहेरची माणसं ओळखत नाही म्हणाला. मला मात्र ती बाई लई आवडली.

पुढं दोन्ही निकाल आले. मुंबईच्या पहिल्या निकालापेक्षा थोडे उणे, पण एकमेकांशी जुळणारे, आणि पास. भाऊ भवानी पेठेतच राहिला.

मी अजून विमानात बसलेलो नाही. तुम्ही बसता. खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून झोपता तेव्हा आत अशाच कुणीतरी खात्री होईपर्यंत अडवून धरलेली सही असते. झोप कशी लागली ते लवकर लिहून कळवा, वाट बघतोय.