सगळ्यांचं गाऱ्हाणं

जहाजाला आग लागली आहे आणि इंजिनरूममधली माणसं सापडत नाहीत, एवढं सांगून एजंटाने फोन ठेवला. माझा मुलगा इंजिनरूममध्येच काम करतो.

सून मागच्या पडवीत विळीवर बांगडे साफ करत होती. हात खवल्यांचे, म्हणून तिने फोन कानाला न लावता स्पीकरवर घेतला होता. त्यामुळे मीही ऐकलं. तिने फोन बाजूला ठेवला, अर्धा राहिलेला बांगडा उचलला आणि त्याचं पोट फाडलं.

"ठेय तो," मी म्हटलं.

"पावणे जेवूक बसतले आई. एक वाजलो."

तारकर्लीला आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्या दिवशी कोल्हापूरचं एक जोडपं उतरलं होतं. माणसं चांगली होती. मी विळीपुढून सुनेला उठवलं, उरलेले बांगडे मी केले, तळले तिने. रडली नाही. मीही रडले नाही. रडण्यासारखं अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाहुणे ओसरीवर टीव्हीसमोर जेवायला बसले. टीव्हीवर तीच लढाई चालू होती, आखातातली. मुलाचं तेलाचं जहाज ना ह्या बाजूचं ना त्या बाजूचं, वाटेत सापडलं एवढंच. पाहुणा बायकोला म्हणाला, "ह्यात काही दम नाही. चार ड्रोन सोडायचे आणि गप्प बसायचं." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "घाबरू नका आजी, हे मर्यादित युद्ध आहे."

मी चौथी शिकलेली. मर्यादित हा शब्द मी एकाच ठिकाणी वाचलाय, मच्छीमार सोसायटीच्या पाटीवर, अगदी शेवटी. म्हणून विचारलं, "सोसायटीसारखं? मग सभासद कोण?"

तो हसला. मी थट्टा केली नव्हती. पण त्याने नीट समजावलं. मर्यादित म्हणजे दोन्ही बाजू आवरून लढतात. ठरावीक जागी, ठरावीक हत्यारांनी. बाकी लोकांचं रोजचं चालू राहतं. मागची महायुद्धं तशी नव्हती. त्यांत शेतं, कारखाने, बायकापोरं, सगळं ओढलं जायचं. त्याला सर्वंकष युद्ध म्हणतात.

"ह्याची मर्यादा कोण आखतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माझा मुलगा त्या जहाजावर आहे. तो मर्यादेच्या आत धरलाय की बाहेर?"

त्याने घास खाली ठेवला. जेवण झाल्यावर दोघांनी आपली ताटं स्वतः घासली. तेव्हा कुठे सून बोलली. "पावण्यांनी भांडी घासूची? लोक काय म्हणतले?" मला बरं वाटलं. ती भांडत होती म्हणजे शुद्धीवर होती.

ते मोठं युद्ध माझ्या सासूने पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे ह्याच गावात बसून. एक गोळी इथे पडली नाही, तरी ते घराघरात आलं होतं, असं ती सांगायची. रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. रॉकेल मिळेना. लुगड्यासाठी रांग. सगळ्यांच्या चुलीवर नाचण्याची आंबील, त्यामुळे लाजायचं कारण नाही. कुणाचा ना कुणाचा माणूस बोटीवर होताच. विहिरीवर एक बाई गप्प दिसली की दुसरी न विचारताच तिची घागर भरायची.

आता आमच्यावर वेळ आली तेव्हा तसं नव्हतं. शेजारी नारळ उतरवत होते. किनाऱ्यावर स्कूबाच्या होड्या लागल्या होत्या, गाणी वाजत होती. लोकांचा दोष नाही. मला त्यांचा राग आला, तो मी गिळला. दुसऱ्याच्या मुलाचं जहाज असतं तर मीही नारळच मोजले असते.

सासू एक गोष्ट मात्र मान खाली घालून सांगायची. माझे सासरे आगबोटीवर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. त्यांचे थोरले भाऊ त्याच बोटीवर. बोट बुडाल्याची कुणकुण आली तेव्हा थोरली जाऊ बाळंतपणाला माहेरी गेलेली. सासू एकटीच देवळात गेली. आमच्याकडे देवाकडे मनातल्या मनात मागत नाहीत. गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, जमलेले "होय म्हाराजा" म्हणतात, आणि जेवढं बोललं तेवढंच मागितलं असं धरतात. गुरवाने विचारलं, कोणाचं गाऱ्हाणं? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि थोरल्या दिराचा तर उल्लेखही चारचौघांत करायचा नाही, अशी रीत. एकोणीस वर्षांची पोर. तिने हळूच म्हटलं, "माझ्या घोवाचा." तेवढंच गाऱ्हाणं पडलं. सासरे आले. थोरले आले नाहीत.

दोघी जावा पुढे जन्मभर एका चुलीवर राहिल्या. थोरली कधी टोचून बोलली नाही. एकदा सासू तिच्यासमोर रडली तेव्हा ती म्हणाली होती, "गप गो. तुझ्या तोंडात तेंचा नाव येतला कसा? रीतच तशी." आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन उवा बघत बसली. सासूला उवा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला घेऊन देवळात गेले. वाटभर मी तिचा दंड धरला होता. गुरवाने नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचो घोव दर्यार अडाकलो आसा, तेका सुखरूप..."

"थांब," मी म्हटलं. "तेच्या एकट्याचा नको. जहाजार आसत तितक्या सगळ्यांचा घाल."

"किती आसत?"

"म्हायत नाय."

"खंयचे?"

"सगळीकडचे."

"अगो, नावां नायत, गावां नायत, देवान वळखूचे कशे?"

"देव आसा मां तो? वळखतलो. तू बोल."

गुरवाने पुन्हा हात जोडले आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं घातलं. सून माझ्या आधी "होय म्हाराजा" म्हणाली, देऊळ घुमेल एवढ्याने. मला वाटलं नव्हतं तिच्यात तेवढा आवाज असेल.

खरं सांगते, माझं मन मोठं नव्हतं. सगळे आले तर त्यात माझाही येईल, एवढंच मी बघितलं होतं. पण बोलून झाल्यावर दुसऱ्या कुणा आईचा मुलगाही डोळ्यांपुढे आला. चेहरा दिसेना, हात दिसले, तेलाने काळे झालेले, माझ्या मुलाचे असतात तसे.

"कौल लावू?" गुरवाने विचारलं. कौल उजवा पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार.

"नको. डावो इलो तर हिका घराक कशी न्हेव?"

त्यानंतर तीन दिवस काही कळलं नाही. टीव्ही मी बंदच ठेवला. रोज दुपारी सुनेच्या केसांना तेल लावायला बसायचे. लग्नाला वीस वर्षं झाली, तिच्या डोक्याला मी पहिल्यांदाच हात लावत होते. मधे दोनचार केस पांढरे झालेत. ते मी उपटले नाहीत. ती म्हणाली, "आई, तुमचो हात जड आसा." मी म्हटलं, "मग ऊठ." ती उठली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. आवाज घोगरा होता, धूर गेलेला. तो आधी बायकोशी बोलला, मग माझ्याशी. मी विचारलं, बाकीचे? त्याने सांगितलं.

जहाजावर बावीस माणसं होती. वीस वाचली. माझा मुलगा वाचला. त्याच्याबरोबर पाळीवर असलेला केरळचा फिटर आणि फिलिपिन्सचा एक खलाशी वाचले नाहीत.