खांदा आखडला ते वर्ष

सेहेचाळिसावं वर्ष लागलं त्या जानेवारीतली गोष्ट. शाळेत जायच्या घाईत केसांना क्लिप लावायला उजवा हात वर नेला आणि तो कानाच्या पुढे जाईना. अजून थोडा ताणला, तशी खांद्यातून अशी कळ आली की मी क्लिप तशीच टाकून पलंगावर बसले. रात्री वेडीवाकडी झोपले असेन असं वाटलं. बाम चोळला, केस एका हाताने कसेबसे रबरात अडकवले आणि शाळा गाठली.

दोन आठवडे मी हे कुणालाच सांगितलं नाही. मी नववी-दहावीला गणित शिकवते. फळ्याच्या वरच्या कडेपासून सुरुवात करायची माझी सवय, ती मोडून मी मधूनच लिहायला लागले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खालचं दिसत नाही." मी म्हणाले, "मग उभं राहून लिही," आणि ते अशा आवाजात म्हणाले की ती मुकाट्याने मान खाली घालून बसली. तासभर मला स्वतःचाच राग येत होता.

राग तसा त्या दिवसांत कशाचाही यायचा. चष्म्याचा नंबर वाढला होता. पाळी कधी वीस दिवसांनी यायची, कधी अडीच महिने यायचीच नाही. मधेच छातीपासून मानेपर्यंत एकदम आग चढायची, घामाने पाठ भिजायची, आणि पाच मिनिटांत सगळं ओसरून थंडी वाजायची. एकदा तर शिकवता शिकवता 'परिमेय' हा शब्दच आठवेना. वीस वर्षं रोज तोंडात असलेला शब्द. मुलं वही उघडून माझ्याकडे बघत राहिली आणि मी खडू शोधण्याचं नाटक करत टेबलाचा खण उघडला. स्टाफरूममध्ये आम्ही सहा-सात बायका, निम्म्या माझ्याच वयाच्या. पण तिथे बोलणं व्हायचं ते मुलांच्या ॲडमिशनचं, नाहीतर पेपर तपासणीचं.

मी थायरॉइड तपासून घेतलं, साखर तपासली. सगळं ठीक निघालं. खरं तर बरं वाटायला हवं होतं. मला उलट रडू आलं, कारण आता दोष द्यायला काही उरलं नाही.

शेवटी नवराच हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी हात पुढून, बाजूने, मागून फिरवून बघितला.

"फ्रोझन शोल्डर. खांदा आखडलाय. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये बऱ्याचदा दिसतो."

"किती दिवस लागतील?"

"वर्ष धरून चला. कदाचित दीडही. व्यायाम मात्र सोडायचा नाही." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "पाळी नियमित आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलावरच्या गुडघ्याच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे एकटक बघत होता.

"नाही," मी म्हणाले.

"मग स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखवून घ्या."

घरी परतताना स्कूटरवर नवरा म्हणाला, "दीड वर्ष जरा जास्तच सांगितलं त्यांनी." दुसऱ्या प्रश्नाबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही.

केसांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. माझे केस कमरेपर्यंत आहेत. एका हाताने वेणी होत नाही, आणि कापून टाकायला मन होईना. नवरा सिन्नरच्या कारखान्यात आहे, त्याची कंपनीची बस सहालाच येते. मुलगा पुण्याला होस्टेलवर. घरात उरल्या सासूबाई.

सासरे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्या आमच्याकडे नाशिकला राहतात. त्याआधी त्यांचं सगळं आयुष्य देवळ्याला कांद्याच्या शेतात गेलं. आमचं भांडण कधी नव्हतं, तशी जवळीकही नव्हती. भाजी काय करायची, दूध आलं का, औषध घेतलं का, एवढंच बोलणं. चार-पाच दिवस त्यांनी माझी सकाळची ओढाताण पाहिली. मग एक दिवस खुर्ची ओढून त्या माझ्या मागे येऊन बसल्या.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "आण इकडं कंगवा."

सत्तरीच्या बाईकडून, तेही सासूकडून, केस विंचरून घेणं मला फार अवघड वाटलं. मी पाठ ताठ ठेवून बसले. त्यांचा हात जड होता, शेतात काम केलेल्या बाईचा असतो तसा, पण गुंता त्या टोकाकडून सावकाश सोडवायच्या. वेणी झाली की पाठीवर हलकी थाप मारायच्या, म्हणजे ऊठ. महिनाभर हे असं रोज चाललं. बोलणं फारसं नाही.

फिजिओथेरपीला जात होते, तिथली मुलगी विशीतली. तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहायला आणि बोटांनी भिंत चढायला शिकवलं. जिथे बोटं थांबतील तिथे पेन्सिलने खूण करायची. मी घरी बेसिनशेजारच्या भिंतीवर खुणा करायला लागले. पहिल्या तीन आठवड्यांच्या तिन्ही खुणा एकाच जागी आल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी, वेणी अर्धी झाली असताना, ती आग परत चढली. बाहेर थंडी होती, सासूबाईंच्या अंगात स्वेटर होता, आणि माझ्या मानेवरून घाम ओघळायला लागला. मला लाज वाटली. मी पदराने मान पुसायला गेले, तर उजवा हात तिथवर जाईना. त्यांनी वेणी सोडली, बाजूचा पेपर उचलला आणि मला वारा घालायला लागल्या. बराच वेळ घालत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मला पण असंच व्हायचं. तू नवी आली व्हतीस तेव्हा."

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी देवळ्यालाच काढलं होतं. नवरा आठवड्याने यायचा. त्या वर्षीच्या सासूबाई मला चांगल्या आठवतात. भर डिसेंबरात ओट्यावर उघड्या फरशीवर निजायच्या. भाकरी थापता थापता एकदम उठून न्हाणीत जायच्या आणि तोंडावर गार पाणी मारून यायच्या. मिठाचा डबा जागेवर नाही म्हणून एकदा त्यांनी पातेलं अंगणात भिरकावलं होतं. मी तेवीस वर्षांची. मला त्यांची भीती वाटायची, आणि भीतीपेक्षाही जास्त तिटकारा. त्या रविवारी नवरा आला तेव्हा आतल्या खोलीत मी त्याला म्हणाले होते, "तुमच्या आईंचं डोकं ठिकाणावर नाही. कुणाला तरी दाखवा."

त्याने ते वडिलांच्या कानावर घातलं. घरात चर्चा झाली. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, बाहेरचं काहीतरी असेल. पुढच्याच मंगळवारी त्यांना जीपमध्ये घालून वणीच्या गडावर देवीला नेलं. नवऱ्याने रजा काढली होती. मीही होते. पायऱ्या चढताना त्या कुणाशी अक्षर बोलल्या नाहीत. देवीची ओटी भरली, अंगारा लावला, आणि घरी आल्यावर सगळे असं वागायला लागले की जणू विषय संपला. नंतर मी नाशिकला राहायला आले आणि खरोखरच विसरून गेले.

हे सगळं त्या सकाळी मला एकदम आठवलं. पाठीमागे वेणी परत सुरू झाली होती. मी पाठमोरी होते म्हणूनच बोलू शकले.

"आई, तुम्हाला गडावर नेलं ना, ते माझ्यामुळे. मीच म्हणाले होते यांना, की तुम्हाला दाखवा म्हणून."

"माहीत हाय मला."

"कसं?"

"आतल्या खोलीचं सगळं चुलीपाशी ऐकू यायचं."

बावीस वर्षं ही बाई ते ऐकून होती. मी म्हणाले, "चुकलंच माझं."

त्यांनी वेणीला रबर घातलं. "तू पोर व्हतीस. मलाच कळत नव्हतं तर तुला काय कळणार? मला वाटायचं, खरंच डोकं फिरलं आपलं. सांगणार कुणाला? सासू नव्हती, माय गेलेली." मग म्हणाल्या, "पण गडावर बरं वाटलं. वर लय वारा व्हता. तिथंच बसून राहावं वाटत व्हतं."

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं मी टाळतच होते. त्या शनिवारी सासूबाईच म्हणाल्या, "चल, मी येते." डॉक्टर माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी सगळं विचारलं, रक्त आणि सोनोग्राफी करायला सांगितली. मग समजावलं, की पाळी जायच्या आधीची ही काही वर्षं असतात, त्यात अंगाची आग, चिडचिड, झोप न लागणं, नेमका शब्द न आठवणं हे सगळं होऊ शकतं. याला रजोनिवृत्तीचा काळ म्हणतात. खूप त्रास झाला तर औषधं आहेत, आणि रक्तस्राव जास्त झाला तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

सासूबाई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून ऐकत होत्या. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे याला नाव हाय?"

"आहे की आजी."

"आन् ते सगळ्यांना व्हतं?"

"कमीजास्त, पण बहुतेक सगळ्यांना."

त्या मागे टेकल्या. बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना त्यांनी मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला आणि स्वतः एकदा म्हणून पाहिला.

त्या संध्याकाळी चहा पिताना त्यांनी स्वतःहून माझ्या नवऱ्यासमोर विषय काढला. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच ऐकत राहिले. गडावर नेलं तेव्हा काय होत होतं ते त्यांनी मुलाला अगदी सरळ सांगितलं, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं. मग म्हणाल्या, "हिला पण तेच चाललंय. डागदरनी सांगितलं आज."

नवरा म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही तेव्हा."

"तू इचारलं व्हतं का?"

मी चहाचे कप न्यायला बाहेर आले तेव्हा तो आईच्या पायांकडे बघत बसला होता. माणूस वाईट नाही. त्याचीही पन्नाशी जवळ आली आहे. गुडघे दुखतात, मिशी काळी करायला महिन्यातून एकदा अर्धा तास आरशापुढे घालवतो. त्याबद्दल मीही कधी त्याला काही विचारलं नव्हतं.

खांदा सुटायला पंधरा महिने लागले. भिंतीवरच्या खुणा वर सरकत गेल्या, मध्ये दोन महिने अडकल्या, परत सरकल्या. हात आता पूर्ण वर जातो. पाठीमागे मात्र अजून अर्ध्यावरच थांबतो, आणि डॉक्टर म्हणतात तो तेवढाच राहील. पाळी गेल्या सात महिन्यांत आलेली नाही. आग चढते, पण आता ती चढली की मी वर्गात सांगते, "मुलांनो, दोन मिनिटं खिडकीपाशी उभी राहते." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. दुसऱ्या वेळी एका मुलीने उठून पंखा वाढवला. स्टाफरूममध्येही मी सांगून टाकलं. त्यावर विज्ञानाच्या मॅडमनी, ज्यांच्याशी मी बारा वर्षांत घराबद्दल शब्दही बोलले नव्हते, पर्समधून एक छोटा टॉवेल काढून दाखवला. दोन वर्षं त्या तो सोबत ठेवत होत्या.

नवरा हल्ली कारखान्यातून आला की बूट काढता काढता विचारतो, "आज कसं होतं?" सुरुवातीला हे विचारताना त्याचा आवाज अवघडायचा, आणि मी "ठीक" म्हणून विषय संपवायचे. आता मी खरं सांगते. बरा दिवस असेल तर बरा, खराब असेल तर खराब. कधी कधी तो ऐकता ऐकता पेपर उघडतो. तेव्हा आतून त्याची आई म्हणते, "आधी तिचं पुरं ऐक." आणि तो पेपर मिटतो.