एस्तर आक्का आणि माझं नाक

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कंग्राळीपासून निपाणीपर्यंत माझ्याइतक्या लवकर किळस येणारा दुसरा इसम सापडणार नाही. दुधावरची साय, दुसऱ्याचा ओला टॉवेल, बसच्या खिडकीखाली वाळलेले पिचकारीचे ओघळ... यांतलं काहीही दिसलं की माझं नाक आपोआप आकसतं आणि हात रुमालाकडे जातो. ही कबुली आज देण्याचं कारण असं की, या नाकाची मनसोक्त टिंगल करणारी बाई तीन आठवड्यांपूर्वी गेली. निपाणीहून तिच्या भाचीचा, मर्सीचा फोन आला. "अण्णा, आत्या गेल्या." मी तेव्हा जेवत होतो. ताट तसंच पुढे राहिलं, आणि भातावर माशी बसली तरी मला काही वाटलं नाही, यावरून काय ते ओळखा.

एस्तर आक्का शहरात, खासबागेत राहायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आमच्या आप्पांना लकवा झाला, डावी बाजू गेली, आणि पडून पडून पाठीला जखम झाली तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी सिटी बसने कंग्राळीला आमच्या घरी यायला लागल्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, ओठांत प्रभूचं एखादं गाणं. आणि आमच्या घराने त्यांचं स्वागत कसं केलं? आईने त्यांच्यासाठी वेगळा कप काढला आणि तो परसदारी उपडा घालून ठेवला. ख्रिस्ती बाई ना! आप्पांचा पू पुसणारे हात आम्हाला चालत होते, त्या हातांनी धरलेला कप चालत नव्हता. सायीपेक्षा, पिचकाऱ्यांपेक्षा मला याची जास्त शिसारी यायला हवी होती. तेव्हा आली नाही. आता येते, आणि पोटातून येते.

आक्कांनी तो कप एकदाच बघितला. दुसऱ्या दिवशी पिशवीतून स्टीलचा ग्लास काढून आईपुढे धरला. "काकू, ह्यात वता चहा. तुमच्या घरात कोण कशाला तोंड लावतंय, मला काय म्हाईत?" आईचा चेहरा असा झाला, जणू पाठीला जखम तिलाच झालीय. तिसऱ्या दिवशी चहा आमच्या रोजच्या कपातून आला.

मी मात्र दारातच. जखम धुताना आत जायची माझी छाती नव्हती. उंबऱ्यापाशी उभं राहायचं, रुमालाची चौघडी नाकावर दाबायची आणि आतल्या लोकांना सूचना करायच्या, हे माझं पुत्रकर्तव्य. अशातच आप्पांनी जेवण सोडलं. चमचा तोंडाशी नेला की दात घट्ट आवळायचे. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर फार दिवस निघायचे नाहीत. आई रडायला लागली. मी नवं टॉनिक आणलं. आक्कांनी मला अंगणात बोलावलं.

"तुझ्या आप्पाला जखम दुखत न्हाय, रं."

"मग?"

"तुझं तोंड दुखतंय. रोज सकाळी डोळं उघडलं की पोराचा रुमालच दिसतोय. जेवलं की घाण व्हनार, घाण झाली की पोरगं नाक धरनार. मग कशाला जेवायचं मानसानं?"

मी रुमाल खिशात कोंबला.

त्या दिवशी त्यांनी मला आत नेलं आणि हातात ट्रे दिला. कोमट मिठाचं पाणी, कापसाच्या घड्या, चिमटा. पट्टी सुटली, तो वास आला, आणि मी ट्रेसकट परसात पळालो. पेरूच्या झाडाखाली सकाळचे पोहे परत केले. आत हसण्याचे आवाज. एक आक्कांचा. दुसरा... आप्पांचा! अर्ध्या तोंडाने, घरघरत, पण हसत होते. आक्का म्हणत होत्या, "आप्पा, मी तुमच्या पाठीसाठी प्रार्थना करत्ये असं वाटलं व्हय तुम्हास्नी? ती आपोआप भरंल. मी ह्याच्या नाकासाठी करत्ये." त्या दुपारी आप्पांनी वाटीभर पेज घेतली.

पुढे रोज जखम उघडली की आक्का मोठ्याने बातमी द्यायच्या. "कडंला गुलाबी दिसाय लागलंय बघा आप्पा, गव्हाएवढं!" दुसऱ्या दिवशी हरभऱ्याएवढं. सुवार्ताच ती. चार महिन्यांत जखम भरली. त्यानंतर दोन वर्षांनी आप्पा शांतपणे गेले. पण त्यांची पाठ मी एकदाही धुतली नाही. हे इथे लिहिलं नाही तर बाकीचा सगळा लेख खोटा ठरेल.

आक्कांचे स्वतःचे यजमान नऊ वर्षं अंथरुणाला होते. त्यांचं सगळं करून त्या ड्यूटीवर जायच्या. लोक येऊन सांगायचे, तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून ते बरे होत नाहीत. ते आठवलं की आक्का थुंकल्यासारखं करायच्या. मी एकदा खोचकपणे विचारलं, "एवढ्या प्रार्थना केल्या, शेवटी बरे झाले का?"

"न्हाय."

"मग उपयोग काय?"

"रोज सकाळी मला दारातनं आत जाता आलं की, रं."

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं आणि मर्सी त्यांना निपाणीला घेऊन गेली. शेवटचा गेलो तेव्हा भर दुपार होती. गल्लीभर तंबाखूचा उग्र दर्प, पायरी-पायरीवर बायका विड्या वळत बसलेल्या. मर्सी औषध आणायला गेली होती. खोलीत चार प्रतिष्ठित पाहुणे प्रार्थनेला आलेले, चौघंही भिंतीला चिकटून, चौघांच्याही नाकाला रुमाल. आक्कांचं अंथरूण खराब झालं होतं. सगळ्यांना कळत होतं, त्यांना स्वतःला सगळ्यांत जास्त. आणि त्यातले एक गृहस्थ डोळे मिटून देवाचे आभार मानत होते, की या भगिनीच्या सहनशीलतेतून तू आम्हाला केवढा धडा देतोस! मला मळमळलं, पण त्या वासाने नव्हे. आक्कांनी दात आवळले होते. अगदी आप्पांसारखे.

मी प्रार्थनेच्या मध्येच, नाटकातल्या राजासारखा गरजलो, "आमेन!" गृहस्थ दचकून थांबले. "आता जरा बाहेर बसा. बाईमाणसाला लाज असते." चौघं इतक्या चपळाईने गेले की त्यांच्या मनातल्या प्रार्थनेला फळ आलं असावं.

दार लोटलं. बादलीत पाणी घेतलं, कपाटातून धुतलेली चादर काढली. किळस आली का? आली. डोळ्यांतून पाणी येत होतं, घशाशी आलेलं मी दोनदा गिळलं. विश्वासाने किळस जात असेल तर माझी काही गेली नाही. पण मी आत होतो. हलक्या हाताने त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली आणि सवयीप्रमाणे नजर न चुकवता, मुद्दाम नीट बघितली. आक्कांनी मान वळवून माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग माझ्या उघड्या नाकाकडे. मग वर आढ्याकडे बघून, बाहेरच्या चौघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलल्या, "अगं बाई देवा! सकाळपास्नं कुणालातरी धाड म्हणून तुझ्या मागं लागलेय... आणि धाडलास कोण, तर ह्यो?"