आज मी कोण होते?

आमच्या थोरल्या बाईंइतकी झोपाळू, खोडसाळ आणि चालू तासाला गुपचूप खाणारी विद्यार्थिनी अख्ख्या वसई तालुक्यात दुसरी झाली नसेल. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, केस पिकले होते आणि शाळेतल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका त्याच होत्या, ही गोष्ट वेगळी. केळीच्या वाड्यांच्या मधोमध आमची शाळा. जूनमध्ये जो कोणी नवा शिक्षक लागेल, त्याला वर्षभरासाठी थोरल्या बाईंच्या ताब्यात द्यायचं, अशी तिथली पद्धत. इतर शाळांत म्हणे अनुभवी माणसं नवख्याला चार गोष्टी समजावून सांगतात. थोरल्या बाई काहीही सांगत नसत. त्या नव्या शिक्षकाच्या वर्गात यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या आणि विद्यार्थी व्हायच्या.

व्हायच्या म्हणजे अगदी होऊनच जायच्या. वर्गातलं एक मूल त्या मनाशी निवडत आणि तासभर हुबेहूब त्याच्यासारखं वागत. कधी खोडरबर चावत, कधी पुढच्या मुलीच्या रिबिनी एकमेकींना बांधत, कधी करंगळी वर करून असा चेहरा करत की परवानगी नाही दिली तर अनर्थ होईल. तास संपला की व्हरांड्यात गाठून एकच प्रश्न विचारत, "सांग, आज मी कोण होते?" नाव बरोबर आलं तर सुटका, उद्या दुसरं मूल. चुकलं तर उद्या पुन्हा तेच मूल, आणि आजच्यापेक्षा जरा जोरात.

मी या शाळेत लागले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, पस्तिशी उलटल्यावर, दोन पोरं पदरात असताना. आता माझी नात मला मोबाइल कसा धरायचा ते शिकवते आणि मी निमूट शिकते. पण त्या काळी मला कोणी काही शिकवावं असं जगात उरलंच नव्हतं. बी.एड.ला पहिला वर्ग मिळाला होता ना! माझं पाठाचं टाचण तीन रंगांच्या शाईत असायचं. 'आज आपण अमुक शिकणार आहोत' हे हेतुकथन असं खणखणीत करायची की मुलांना वाटायचं, आता राष्ट्रगीत सुरू होणार. विरारच्या मनवेलपाड्यातून दोन वाहनं बदलून येताना माझ्या काखेत गुंडाळी फळा असायचा आणि बसमधला प्रत्येक माणूस त्याचा एकदा तरी मार खाऊन उतरायचा.

घरी वातावरण फारच प्रोत्साहनाचं होतं. आमचे हे म्हणाले, "वर्षभर हौस भागवून घे. कायम झालीस तर पुढचं बघू." सासूबाई म्हणाल्या, "नाही झाली तर पापडाचं मंडळ आहेच खाली." या वयात दुसरी शाळा मला दारात उभी करणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षात. आणि हेडसरांची पद्धत अशी की वर्षाच्या शेवटी ते थोरल्या बाईंकडे नुसतं बघत. बाईंनी मान हलवली की माणूस कायम. नाही हलवली, तर निरोपाचा चहा.

पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझी ओळख करून दिली, "ही यंदाची नवरी." मी लाजले. मागाहून कळलं, पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला त्या नवरीच म्हणत. आदल्या वर्षीची नवरी म्हणजे कवायतीचे सर, भरघोस मिशांचे. ते समोर बसून डबा खात होते. मला म्हणाले, "घाबरू नका, दुसऱ्या वर्षी नुसतं सून म्हणतात."

बाई यायच्या सायकलवर. दांडीला छत्री बांधलेली, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत घरची केळी वाळवून केलेली सुकेळी. पावसाळ्यात खडू सर्दावतात म्हणून ऊन पडलं की शाळेच्या कठड्यावर खडू पसरून राखण करत बसायच्या, जशा गावातल्या बायका सुक्या मासळीची करतात. रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, संपली की देवळाबाहेर पालकांना अडवायच्या. सुटाबुटातले बाप त्यांना पाहून दुसऱ्या दाराने पसार व्हायचे, पाप कबूल करायला जितके घाबरत नसतील तितके पोराचं गणित कबूल करायला घाबरायचे. छडीचं तर विचारू नका. नवा शिक्षक हौसेने छडी घेऊन आला की बाई "बघू" म्हणून हातात घेत आणि ती सायकलला बांधून घरी नेत. त्यांच्या परसात तोंडलीचा मांडव होता, तो सगळाच्या सगळा दरवर्षीच्या नव्या नवरीच्या छडीवर उभा होता. माझी वेताची, टोकाला तांबडी फीत लावलेली छडी दुसऱ्याच दिवशी तिकडे रवाना झाली. पावसाळा संपेपर्यंत तिला भरपूर तोंडली लागली. माझ्या हातात असती तर काय लागलं असतं कोण जाणे.

माझ्या पाचवीच्या वर्गात बाई आल्या आणि पहिल्याच तासाला झोपल्या. मी सिंधू संस्कृतीची विटांची घरं फळ्यावर उभी करतेय आणि मागे घोरणं. व्हरांड्यात प्रश्न आला. मी ऐटीत म्हटलं, "राजेश. आळशी आहे एक नंबरचा."

"चूक," बाई म्हणाल्या. "राजेश कुठला झोपतोय? तो घंटेआधीच भिंतीवरून उडी मारून पळतो. आळशी माणसाला जमेल का ते?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा घोरणं. मी आणखी एक नाव ठोकून दिलं. चूक. आठवडाभर बाई झोपत राहिल्या आणि मी वर्गाच्या हजेरीपटातली नावं लॉटरीच्या तिकिटांसारखी लावत राहिले. शेवटी एकदाचं टाचणातून डोकं वर काढलं, तेव्हा दिसलं, तिसऱ्या बाकावर कल्पना, पाचूबंदरची, गाल पुस्तकावर टेकवून शांत झोपलेली. मी विजयी मुद्रेने नाव सांगितलं आणि वर म्हटलं, "उद्या उभीच करते तिला तासभर."

"शनिवारी सकाळी लवकर ये, बंदरावर जाऊ," बाई एवढंच म्हणाल्या. मी गेले. उजाडत होतं. होड्या लागल्या होत्या, लिलावाचा कालवा चालला होता, आणि माझी पाचवीतली कल्पना आईच्या मागोमाग डोक्यावर टोपली घेऊन चिखलातून अशी झपझप चालत होती की मला रिकाम्या हाताने तिला गाठता येईना. मला पाहून ती खूप हसली. "बाई, तुमी इकडं? पानी देऊ?" थोरल्या बाईंनी माझ्या हातात एक सुकेळं ठेवलं आणि सायकल वळवली. झालं प्रशिक्षण.

सोमवारपासून कल्पनाची जागा खिडकीजवळ, वाऱ्याला. पहिल्या तासाआधी नळावर तोंड धुऊन यायचं, तरीही डोळा लागला तर पुन्हा जायचं. एवढ्याने पोरीचं भूगोलातलं डोकं असं चालू लागलं की मलाच टाचण वाढवावं लागलं. बाई त्या दिवसापासून दुसरं मूल झाल्या. त्या खोडरबरवाल्या झाल्या, रिबिनीवाल्या झाल्या, आणि मी हळूहळू फळ्याकडे पाठ करून उभी राहायला शिकले. बी.एड.ला फळ्याकडे तोंड कसं करायचं एवढंच शिकवलं होतं.

मग फेब्रुवारीत तपासणी आली. ठाण्याहून साहेब येणार, आणि नव्या शिक्षिकेचा पाठ बघणार. माझ्या अंगातला तो पहिला वर्ग पुन्हा उसळून वर आला. मी दिवस आणि रात्र हा पाठ घेतला. पृथ्वीचा गोल आणला, सूर्य म्हणून मोठी बॅटरी आणली, आणि अंधार हवा म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून त्यांवर काळे कागद लावले. चुणचुणीत मुलं पुढे, बाकीची मागे कोपऱ्यात, अशी वर्गाची नवी मांडणी केली. साहेबांना खुर्ची दिली. हेडसर घाम पुसत दाराशी. थोरल्या बाई शेवटच्या बाकावर. मी त्यांना आदल्या दिवशी हात जोडले होते, "बाई, उद्या तेवढं कोणी होऊ नका." त्यांनी सुकेळं तोंडात टाकलं होतं.

पाठ रंगला. हेतुकथन असं झालं की साहेब खुर्चीत सावरून बसले. मी बॅटरी लावली, अर्ध्या पृथ्वीवर दिवस उजाडला, आणि उरलेल्या अर्ध्यातून, अगदी पाठीमागून, घोरणं सुरू झालं. आधी बारीक. मग दणदणीत. मुलं खुसखुसली. साहेबांनी मान वळवली. डोळ्यांसमोर पापडाचं मंडळ उभं राहिलं, लाटण्यांसकट. वाटलं, ऐकूच आलं नाही असं करावं आणि अमेरिकेत रात्र पाडून मोकळं व्हावं.

पण वर्षभर छळलेल्या माणसाला सवय जडते. तोंड पृथ्वीबद्दल बोलत होतं आणि मन आपोआप विचारत होतं, आज या कोण? आणि उत्तर आलं. मी बॅटरी टेबलावर ठेवली, चालत मागे गेले आणि काळा कागद टराटरा फाडून खिडकी उघडली. कोपऱ्यात, मी जिथे ढकलली होती तिथेच, कल्पना गाढ झोपली होती. मी तिला हलवलं. "ऊठ बाय, तोंड धुऊन ये. आणि आल्यावर तुझ्या जागेवर बस, खिडकीशी." मग शेवटच्या बाकाशी वळले. जीभ चावायच्या आत तोंडातून निघून गेलं, "आणि तुम्ही काय बघताय? तुम्हीपण उठा! दोघी जा!"

थोरल्या बाई उठल्या. खाली मान घालून, कल्पनाचा हात धरून, साहेबांच्या समोरून नळावर गेल्या. हेडसरांनी डोळे मिटून घेतले. दोघी ओल्या तोंडाने परत आल्या तेव्हा बाईंनी दारातच पदराने चेहरा पुसत विचारलं, "सांग, आज मी कोण होते?"

"कल्पना."

"बरोबर," म्हणाल्या, आणि हेडसरांकडे बघून मान हलवली.

उरलेला पाठ उजेडातच झाला. रात्र नीटशी पडली नाही, पण मुलं जागी होती. साहेबांनी शेऱ्यात पाठ चांगला असल्याचं लिहिलं आणि खाली एक सूचना जोडली, "शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थिनी वयाने मोठी वाटते. जन्मदाखला तपासावा." हेडसरांनी तो शेरा पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना दाखवला. पापडाच्या मंडळाला मी मुकले. सासूबाईंना त्याची हळहळ शेवटपर्यंत होती.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, ज्यांना त्यांनी रडकुंडीला आणलं होतं ते सगळे त्यांच्या मायाळूपणावर बोलले. शेवटचा तास माझा होता. मी आता सूनही जुनी झाले होते, तरी बाई माझ्या वर्गात आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. खाल्लं नाही, झोपल्या नाहीत, करंगळी वर केली नाही. नुसत्या बघत राहिल्या. घंटा झाली, पोरं भुर्रकन उडाली. बाई जागच्या हलल्या नाहीत. पिशवी मांडीवर, दोन्ही हात बाकावर पसरलेले. शिपाई एकेक खिडकी लावत आला, आमच्याकडे बघून परत गेला.

"सांग," त्या म्हणाल्या, "आज मी कोण होते?"

शाळा सुटल्यावर बाकावरून न उठणारं मूल माझ्या वर्गात एकही नव्हतं. कुठल्याच वर्गात नसतं. त्या दिवशी बाई कोणाचीच नक्कल करत नव्हत्या, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, "राजेश."

राजेश कधीच शाळा सोडून गेला होता. "चूक," त्या म्हणाल्या. "बी.एड.ला पहिला वर्ग म्हणे!"

"मग आता?"

"आता काय? उद्या पुन्हा यावं लागणार," असं म्हणून त्या उठल्या आणि चटचट सायकलकडे चालू लागल्या.

आणि आल्या. पुढे कधी आठवड्याने, कधी महिन्याने, सुकेळी घेऊन येतच राहिल्या. दरवेळी विचारायच्या आणि दरवेळी मी चुकायचे. "इतकी मठ्ठ नवरी मी बघितली नाही," म्हणायच्या. सायकल सुटली, गुडघे गेले, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊ लागले. तोंडलीच्या मांडवाखाली, माझ्याच छडीला टेकून बसायचे. निघताना त्या विचारायच्या, मी कुठल्या तरी पोराचं नाव ठोकून द्यायचे, आणि पुढची भेट ठरायची.

बरोबर उत्तर मला त्या निरोपाच्या दिवशीच येत होतं. पण ते दिलं असतं, तर बाईंची शाळा सुटली असती.