तळहात उभा धरला की

गाव सोडलं त्या सकाळी एसटीच्या खिडकीतून मी आबांना निरोपाचा हात केला, आणि तोही चुकीचा. हलवायच्या ऐवजी सवयीने तळहात सरळ उभा धरला. आमच्या बोहाड्यात त्या खुणेचा अर्थ 'थांब'. बसमागे चार पावलं आलेले माझे वडील जागच्या जागी थबकले. आरशातून बघणाऱ्या ड्रायव्हरनेही ब्रेक मारला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, उतरायचंय की जायचंय, एकदा ठरवा." सगळी गाडी हसली. मी "चला, चला" म्हणत हात आत घेतला. शेजारी नागलीच्या पिठाचा डबा मांडीवर धरून बसलेली माझी नवी नवरी तेवढी हसली नाही. ती मागे वळून बघत राहिली. वळण येईपर्यंत आबा तिथेच उभे होते.

आमचं गाव त्र्यंबकच्या पलीकडे, डोंगरात. बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर देवादिकांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे लावून गल्लीभर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं. आमच्याकडे त्राटिका, आणि ती नाचायचो मी. लग्नात बायकोच्या मैत्रिणींनी विचारून घेतलं होतं, घरात त्राटिका आधीच आहे तर आमच्या मुलीचं काय काम?

मुखवटा चढवला की भोकांतून समोरचं हातभर दिसणार, आणि संबळापुढे माणसाचा आवाज पोचणार नाही. म्हणून आबा माझ्याकडे तोंड करून, गल्लीभर उलटे चालत, हाताने खुणा करायचे. "वाट नको बगू. माझा हात बग. पाय येत्यात मागून." तळहात उभा म्हणजे थांब. मग त्यांनी बोटं स्वतःकडे ओढून 'ये' म्हणेपर्यंत हलायचं नाही, शेजारी टेंभा पडला तरी.

नाशकात सातपूरच्या कारखान्यात मला ठेवलं ते ओझी उचलायला. एकदा क्रेनला खालून खुणा करणारा माणूस आला नव्हता, मला उभं केलं. वर केबिनमधले ऑपरेटर काका खाली उतरून म्हणाले, "हात एकदम क्लिअर आहे रे तुझा. पण कमरेचं काय समजायचं मी?" कंबर थांबवायला मला आठवडा लागला. हात मात्र तोच राहिला, आणि त्याच हातावर वीस-बावीस वर्षं घर चाललं. आता नव्या पोरांचं ट्रेनिंग मीच घेतो. सांगतो, एकदा थांब म्हटलं की पुढची खूण येईपर्यंत लोड हलता कामा नये. हा सगळा सिलॅबस एका गल्लीत उलटं चालणाऱ्या माणसाचा आहे, हे साहेबांना ठाऊक नाही.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल आम्ही विसरलो. निघून आलेल्यांनो, तुम्हाला माहीत आहे, विसरत कुणी नाही, फक्त शिफ्ट असते. बोहाडा आणि कारखान्याच्या वार्षिक दुरुस्तीचं शटडाऊन नेमकं एकाच वेळी यायचं. काही वर्षं गेलो, मग खाडे पडले. शेवटी पंचांनी त्राटिका शेजारच्या घराला दिली. आबांनी फोनवर एवढंच सांगितलं, मुखवटा पुसून दिला. आई गेल्यापासून ते एकटेच होते. मी दरवर्षी म्हणायचो, जरा मोठी जागा झाली की तुम्हाला घेऊन येतो. ते म्हणायचे, "मी हाय हितंच. तुझं चालू दे."

जागा झाली. त्यांच्यासाठी उजेडाची खोली ठेवली. पडदे लावायच्या आधी, थंडीत, आबा गेले.

यंदा रजा मिळाली. आमचं सोंग नव्हतं, तरी दोघं गेलो. उजाडता उजाडता त्राटिका निघाली. तिच्यापुढे खुणा करणारा माणूस गर्दीत कुठेतरी मागे पडला होता, आणि ती थेट पेटत्या टेंभ्यांकडे सरकत होती. मी तिच्या पुढ्यात शिरलो, माझा तळहात उभा राहिला. ती थांबली. मग बोटं ओढून 'ये' म्हटलं, आणि गल्लीभर उलटा चालत गेलो. तेव्हा कळलं, की उलटं चालणाऱ्याला वाट दिसतच नाही. त्याला फक्त समोरचा दिसतो. इतकी वर्षं आबांना फक्त मी दिसत होतो.

परतीच्या बसला फाट्यावर उभे होतो. गावात आता कुलूप लावलेलं दार आहे, नाशकात उजेडाची रिकामी खोली. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मला बहुतेक हा फाटाच दाखवावा लागेल. हे मी बायकोला म्हटलं.

ती म्हणाली, "गाव सोडलं त्या दिवशी खिडकीतून तुम्ही आबांना थांब म्हणालात. नंतर ये म्हणालाच नाहीत."