तिच्या भाषेत कुणीतरी

परवा शेजारी शेंगाचटणी कुटत होते, त्या वासासरशी सोलापूरच्या सेटलमेंटमधली एक दुपार आठवली. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तिथं तारेच्या कुंपणाआड कोंडलं होतं. स्वातंत्र्यानंतर कुंपण निघालं, वस्ती तिथंच राहिली; आम्ही काहीजणी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना रविवारी जेवण न्यायचो. त्यातली एक कैकाडी आजी कुंपणातच जन्मलेली. नवरा गेला आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नाही. नातवंडं मराठीच बोलत. आजी जवळजवळ मुकी झाली, भाकरी मोडून तशीच ठेवायची. म्हणून आम्ही जेऊरहून तिच्याच जमातीच्या एका म्हातारीला घेऊन आलो. पाहुणीनं चटणी-भाकरीचं ताट तिच्यापुढं सरकवलं आणि हळूच काहीतरी विचारलं. आजीनं पदर तोंडाला लावला. मग दोघी उन्हं उतरेपर्यंत बोलत राहिल्या, हसल्या, रडल्या, आणि आजीनं भाकरी मागून घेतली. न राहवून मी विचारलं, "आजी, आल्या आल्या काय म्हणाल्या त्या?" "काय न्हाय गं. जेवलीस का, म्हनली. माजी आई असंच इचारायची की." आता दोघीही नाहीत. त्या भाषेतला एकही शब्द मला येत नाही, तरी त्या वस्तीतून जाताना कुणीतरी ती बोलत असेल म्हणून माझी पावलं रेंगाळतात.